बूट रात्री काढून ठेवायचे नाहीत, मावशी

घाटंजी तालुक्यातल्या एका गावातून आजींचं पत्र आलं आहे. लिहून दिलंय त्यांच्या नववीतल्या नातीनं. आजींचा धाकटा नातू सोळा महिन्यांचा आहे. जन्मला तेव्हा त्याचं उजवं पाऊल आत वळलेलं होतं, टाच वर ओढलेली होती. तिसऱ्या आठवड्यात प्लास्टर सुरू झालं. सहा प्लास्टर झाले, टाचेमागची नस, म्हणजे पोटरी टाचेला जोडणारा कंडरा, कापली, मग आणखी तीन आठवडे प्लास्टर. पाय सरळ झाला आणि मध्ये पट्टी जोडलेले बूट मिळाले. सून माहेरी होती तोवर बूट दिवसरात्र पायात असायचे. सासरी आली तेव्हा ते फक्त झोपताना घालायचे होते. आजी लिहितात, "लेकरू रातभर रडे. माह्याच्यानं पाहवे नाही. सून झोपली का मी हळूच बूट काढून ठेवो, अन् ते उठायच्या आंधी परत घालून देओ." आता पोरगा चालायला लागलाय, तर पाऊल पुन्हा आत वळतं आणि टाच भुईला टेकत नाही. जावयानं नागपुरात एका खासगी दवाखान्यात विचारलं, तर पाय पूर्ण उघडून ऑपरेशन करावं लागेल असं सांगितलं. गावातले म्हणतात, चालता चालता आपोआप सरळ होईल. शेजारच्या बाया म्हणतात, सुनेनं ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून असं झालं. आजींचे प्रश्न असे: "हे माह्यामुळं झालं का? ऑपरेशन करावंच लागते का? अन् लहान पोराच्या हाडाच्या डॉक्टरसाठी इतक्या दूर कायले जावं, जवळचा हाडाचा डॉक्टर चालत नाही का?"

मावशी, नमस्कार.

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण त्याच्या उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून आहे. ऑपरेशनची घाई करू नका आणि आपोआप सरळ होईल म्हणून वाटही पाहत बसू नका. आपोआप सरळ होत नाही. वाकड्या पावलावर मूल जितकं चालेल तितकं ते पाऊल तसंच घट्ट होत जातं. पण सोळा महिन्यांच्या मुलाचा पाय परत वळला, तर बहुतेक वेळा तो पुन्हा प्लास्टर करूनच सरळ आणता येतो. पहिल्या वेळेपेक्षा प्लास्टर सहसा कमी लागतात. काही मुलांची टाचेमागची नस पुन्हा एकदा सैल करावी लागते. आणि त्यानंतर परत बूट. म्हणजे जो उपचार एकदा झाला तोच पुन्हा, फक्त यावेळी शेवटपर्यंत.

आता सुनेबद्दल. ग्रहणाचा आणि या पायाचा काही संबंध नाही. साधारण आठशे ते हजार जन्मांत एक मूल असं वळलेलं पाऊल घेऊन जन्मतं, डॉक्टर त्याला क्लबफूट म्हणतात. मुलींपेक्षा मुलग्यांत हे दुपटीनं दिसतं, आणि जवळपास निम्म्या मुलांचे दोन्ही पाय वळलेले असतात. ज्या देशांत ग्रहण पाळायची पद्धतच नाही तिथंही असंच आहे. पोटात पाय घडत असतानाच पावलाच्या आतल्या आणि मागच्या बाजूचे कंडरे आणि बंध आखडतात, आणि पाऊल आत आणि खाली ओढलं जातं. घरात आधी कुणाला असेल तर शक्यता थोडी वाढते. ते का आखडतात याचं पूर्ण कारण अजून सापडलेलं नाही, पण विळी, सुई, कुलूप, चंद्र-सूर्य यांपैकी काहीही त्यात नाही हे नक्की. मावशी, घरात तुमचा शब्द चालतो. शेजारच्या बाया बसलेल्या असतील आणि सूनही तिथं असेल, अशा वेळी तुम्ही एकदा मोठ्यानं सांगा की तिच्या हातून काही चुकलेलं नाही. डॉक्टरनं दहा वेळा सांगून जे होत नाही ते सासूच्या एका वाक्यानं होतं. सोळा महिने त्या पोरीनं लेकराचा पाय सांभाळला आणि सोबत हे बोलणंही ऐकून घेतलं. ते आता थांबायला हवं.

आणि तुमचा पहिला प्रश्न. माझ्यामुळं झालं का? तुम्ही खरं लिहिलंत, म्हणून मीही खरंच सांगते. पाय परत वळण्याचं सगळ्यात मोठं कारण बूट न घालणं हेच असतं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात ही उपचारपद्धत तयार झाली. तिथल्या मुलांचा २००४ साली एक अहवाल आला. ज्या घरांत बूट नीट घातले गेले तिथं शंभरातल्या सहाएक मुलांचाच पाय परत वळला. ज्या घरांत बूट सुटले तिथं शंभरातल्या ऐंशीहून जास्त मुलांचा. एवढा फरक दुसऱ्या कशानंही पडत नाही.

पण याला मी तुमचा गुन्हा म्हणणार नाही. दवाखान्यातून बूट देताना काय होतं ते मी पाहत आले आहे. प्लास्टरला सगळे वेळ देतात, डॉक्टरही आणि घरचेही. बूट मात्र पिशवीत घालून हातात ठेवतात आणि 'रोज घाला' म्हणतात. पाय तर समोर सरळ दिसतोय. मग हे लोढणं कशाला, असं घरातल्या कुणालाही वाटणारच. प्लास्टरनं पाय सरळ होतो, पण ती ओढ आत शिल्लक असते आणि मूल वाढतं तशी ती पाऊल पुन्हा ओढू बघते. पहिली चार वर्षं ही ओढ जोरात असते. बूट रात्री पाऊल बाहेरच्या दिशेला ताणून धरतात, म्हणून ती जिंकत नाही. हे तुम्हाला कुणी समोर बसवून सांगितलं असतं तर रडणं ऐकूनही तुम्ही बूट काढले नसते, याची मला खात्री आहे.

मात्र एक गोष्ट तुम्हाला करावी लागेल आणि ती सोपी नाही. रात्री बूट काढत होतात हे सुनेला सांगा, आणि तिच्यासोबत जाऊन डॉक्टरलाही सांगा. यात तुमची खरडपट्टी काढायचा माझा हेतू नाही. डॉक्टर पहिला प्रश्न विचारणार, "बूट घालत होतात का?" सून मनापासून सांगणार, "हो, रोज रात्री." मग डॉक्टरला वाटणार की बूट घालूनही पाय वळला, म्हणजे हा पाय हट्टी आहे, नुसत्या प्लास्टरनं भागणार नाही. उपचार तिथूनच वेगळ्या वाटेला लागतो. नागपुरात जावयाला मोठं ऑपरेशन सांगितलं गेलं त्यामागे हेच असेल असं मी म्हणत नाही, त्या डॉक्टरांनी बाळाला पाहिलं की नुसतं तोंडी विचारलं हेही मला माहीत नाही. पण बूट घातलेच गेले नव्हते हे कळलं तर कुठलाही जाणता डॉक्टर आधी प्लास्टरच करेल. तुमचं खरं बोलणं या लेकराच्या पायासाठी औषधाइतकंच लागणार आहे.

मोठ्या ऑपरेशनला मी एवढी का बिचकते तेही सांगते. ही पद्धत इग्नासियो पॉन्सेटी नावाच्या डॉक्टरांची. १९१४ साली स्पेनच्या मेनोर्का बेटावर त्यांचा जन्म झाला. स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची मोडलेली हाडं त्यांनी बसवली, मग देश सोडावा लागला, आणि फ्रान्स, मेक्सिको करत ते आयोवाला पोचले. तिथं त्यांनी पाहिलं की वाकडे पाय उघडून, आतले बंध कापून सरळ केलेली मुलं मोठी झाल्यावर त्यांचे पाय ताठर होतात आणि दुखतात. म्हणून १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी हातानं हळूहळू वळवून, दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाय सरळ करायला सुरुवात केली. बाकीच्या डॉक्टरांनी कितीतरी वर्षं त्याकडे पाहिलंही नाही. १९९५ साली त्यांच्या जुन्या रुग्णांची तपासणी छापून आली. हे लोक तेव्हा सरासरी ३४ वर्षांचे होते. शंभरातल्या ७८ जणांचे पाय चांगले किंवा उत्तम निघाले, आणि जन्मापासून पाय नीट असलेल्या लोकांत हाच आकडा ८५ होता. म्हणजे जवळपास इतरांसारखेच. त्यानंतर जगभर हीच पद्धत पहिली मानली जाऊ लागली. पॉन्सेटी २००९ साली गेले. ३ जून हा त्यांचा जन्मदिवस आता जागतिक क्लबफूट दिन म्हणून पाळतात.

म्हणून कुणी ऑपरेशन म्हटलं की आधी विचारा, कोणतं? टाचेमागची नस सैल करणं हे छोटं काम आहे, ते या उपचाराचाच भाग आहे. पुढे अडीच-तीन वर्षांचा झाल्यावर चालताना पाऊल आत फेकत असेल, तर पावलाचा एक कंडरा आतल्या बाजूनं बाहेरच्या बाजूला नेऊन बसवतात. तेही चांगलं ऑपरेशन आहे, कधी सांगितलं तर घाबरू नका. पाऊल चहूबाजूंनी उघडून सगळे बंध कापायचं ऑपरेशन मात्र अगदी शेवटचं. प्लास्टर नीट करून पाहिल्याशिवाय त्याला हो म्हणू नका.

जवळचा हाडाचा डॉक्टर चालेल का, या प्रश्नाचं उत्तर अंतरावर ठरत नाही. मोटारसायकलवरून पडलेल्या माणसाचा हात बसवणारा डॉक्टर आपल्या कामात पक्का असू शकतो, पण बाळाचं पाऊल हे वेगळंच काम आहे. या वयात पावलातली बरीच हाडं अजून कूर्चेची, म्हणजे मऊ असतात. ती एक्सरेतही पूर्ण दिसत नाहीत, बोटांनी चाचपून ओळखावी लागतात. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला पुढे एक हाड हाताला लागतं. त्यावर अंगठा टेकवून बाकीचं पाऊल बाहेर फिरवायचं असतं. ज्याला हे माहीत नाही तो नुसता तळवा वर दाबतो. मग टाच वरच राहते आणि तळवा मधूनच मोडल्यासारखा खाली फुगतो. असा पाय नंतर दुरुस्त करणं मूळच्या वाकड्या पायापेक्षा अवघड असतं. गुडघ्याच्या खालपर्यंतच प्लास्टर घालतात तेही चुकीचं. ते घसरतं, आणि पाऊल फिरवून धरूच शकत नाही. प्लास्टर बोटांपासून जांघेपर्यंत हवं, गुडघा काटकोनात दुमडलेला हवा आणि दर पाच ते सात दिवसांनी ते बदललं जायला हवं.

तेव्हा डॉक्टर कुठला हे न विचारता असं विचारा: इथं क्लबफूटचं क्लिनिक कोणत्या वारी असतं? जिथं हे काम रोजचं आहे तिथं वार ठरलेला असतो. तुम्हाला त्यासाठी थेट नागपूर गाठायलाच हवं असं नाही. यवतमाळचं सरकारी मेडिकल कॉलेज तुम्हाला सगळ्यात जवळ, आधी तिथं विचारा. वर्ध्याकडे सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचं रुग्णालय आहे. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स आहे. पहिले सहा प्लास्टर जिथं झाले आणि पाय सरळ झाला, तिथले हातही चांगलेच असणार. शरमेपोटी तिथं जायचं टाळू नका, उलट आधी तिथंच जा. जुने कागद तिथले असतील.

पैशांबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण सोयाबीन-कापसाच्या घरात तो प्रश्न न विचारताही असतोच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. जन्मतः वाकडं पाऊल त्यात नावानिशी आहे, आणि अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे उपचार त्यातून होतात. त्यांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, पण त्याची वाट पाहू नका. अंगणवाडीताईंना सांगून ग्रामीण रुग्णालयातल्या पथकाकडून चिठ्ठी घ्या. रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना रेशनकार्ड आणि आधार दाखवून महात्मा फुले योजनेचं विचारा. बऱ्याच सरकारी क्लबफूट क्लिनिकमध्ये बूटही फुकट मिळतात, तिथं तोंड उघडून मागायला लाजू नका. आणि मुलाची मजुरी बुडवायची गरज नाही. तुम्ही आणि सून जा. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पाच वर्षांखालच्या लेकराला तिकीटच नाही.

वेचणीच्या दिवसांत दर आठवड्याला जाणं जड जातं, हे मला कळतं. पण प्लास्टरची तारीख पुढे ढकलू नका. 'एवढा कापूस घरात येऊ दे, मग जाऊ' म्हणत तेच प्लास्टर तीन-तीन आठवडे राहिलेली बाळं मी पाहिली आहेत. बाळ वाढतं, प्लास्टर वाढत नाही. आत जखमा होतात, मग त्या बऱ्या होईपर्यंत पुढचं प्लास्टर थांबतं. वाचवायला गेलेला वेळ दुपटीनं जातो.

प्लास्टर घालून घरी आलात की पहिल्या दिवशी बोटांवर लक्ष ठेवा. बोटाचं टोक दाबून सोडलं की पांढरं पडून लगेच पुन्हा गुलाबी व्हायला हवं. बोटं निळी, थंड किंवा सुजलेली दिसली तर रात्र असो की दिवस, लगेच निघा. बोटं हळूहळू प्लास्टरच्या आत जाऊ लागली तर प्लास्टर घसरलंय असं समजा. तेव्हाही निघा, पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. आंघोळ नाही, ओल्या फडक्यानं अंग पुसायचं. आत काडी घालून खाजवायचं नाही. चालणारं लेकरू पुन्हा रांगायला लागेल, त्यानं जीव कासावीस करून घेऊ नका. प्लास्टर निघालं की ते परत उभं राहतं.

डॉक्टर पाऊल पाहतील तेव्हा दोन्ही खुबे आणि पाठीचा कणा पण बघा म्हणून सांगा, अशा मुलांचं ते तपासायचं असतं. आणि आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार फार आहे. बाळाची तपासणी झाली नसेल तर करून घ्या, घरात कुणाला असेल तर भूल द्यायच्या आधी नक्की सांगा. बाळाला न्हाऊमाखू घालणारी बाई पाऊल ओढून बसवायला लागली तर तिचा हात धरा.

आता बूट. हे मी जरा सावकाश लिहिते. नातीला दोनदा वाचायला सांगा.

जुने बूट लहान झाले असतील. बोटं बुटाच्या कडेवरून खाली वळत असतील तर ते बाद, नवीन मापाचे घ्या. नवीन बुटांचं माप प्लास्टर काढायच्या आधीच सांगून ठेवा, म्हणजे प्लास्टर निघालं त्याच दिवशी बूट पायात जातील. मधे आठवडा गेला तर सगळं पाण्यात. वळलेल्या पायाचा बूट पट्टीवर बराच बाहेर फिरवलेला असतो, साठ ते सत्तर अंश. चांगल्या पायाचा त्याच्या निम्मा, तीस ते चाळीस. पट्टीची लांबी बाळाच्या खांद्यांइतकी असते. पुन्हा प्लास्टर झाल्यावर सुरुवातीला किती तास घालायचे ते डॉक्टर सांगतील. पहिल्यांदा साधारणपणे तीन महिने तेवीस तास असतात, नंतर रात्र आणि दुपारची झोप मिळून बारा ते चौदा तास. हे चार वर्षांचा होईपर्यंत, काही डॉक्टर पाचपर्यंत सांगतात.

घालायची रीत अशी. बाळाला मांडीवर घ्या, पोट भरलेलं असू द्या. पातळ सुती मोजे, पूर्ण पायाचे, सुरकुती न राहता. आधी वळलेला पाय. गुडघा दुमडायचा, म्हणजे टाचेमागची नस ढिली पडते. टाच बुटात मागे आणि खाली पक्की बसवायची. जीभ सपाट धरून आधी मधला पट्टा ओढायचा, टाच तोच धरून ठेवतो. मग बाकीचे पट्टे किंवा नाडी. बुटाला मागे छोटं भोक असतं, त्यातून डोकावून टाच खाली टेकलीय का बघा. टाच बरोबर बसली असताना बोटं जिथपर्यंत येतात तिथं आत पेनानं रेघ मारून ठेवा. पुढच्या वेळी बोटं त्या रेघेपर्यंत किंवा तिच्या पुढे यायला हवीत. मागेच राहिली, तर टाच उचलली गेलीय. परत घाला.

आणि रडणं. तुम्हाला ज्यानं हरवलं ते. बूट घातल्यावर पहिल्या काही रात्री मूल रडतं, कारण त्याला दोन पाय वेगवेगळे हलवता येत नाहीत. त्याला दोन्ही एकत्र हलवायला शिकवायचं. पट्टी हातात धरून दोन्ही गुडघे एकदम वाकवा, एकदम सरळ करा, सोबत काहीतरी गुणगुणा. दिवसा, खेळताना हे करा, झोपायच्या वेळी नाही. एकदा त्याला कळलं की दोन्ही पायांनी लाथ मारता येते, की मग तो पट्टी गादीवर आपटत मजा करतो. पट्टीला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळा, म्हणजे त्यालाही लागणार नाही आणि शेजारी झोपणाऱ्यालाही. वेळ रोज एकच ठेवा. जेवण झालं, तोंड पुसलं, बूट चढले. आज आहे उद्या नाही असं झालं तर तो रोज नव्यानं भांडतो.

रागाचं रडणं आणि दुखण्याचं रडणं वेगळं असतं, चार लेकरं वाढवलेल्या बाईला ते मी काय सांगू. उचलून अंगणात नेलं, कुत्रं-मांजर दाखवलं आणि थांबलं, तर ते रागाचं. बूट तसेच राहू द्या. काही केल्या थांबतच नसेल तर बूट उघडा, कातडी बघा, आणि काही नसेल तर लगेच पुन्हा चढवा. फिकट लाल वळ चालतात. टाचेच्या मागे गडद लाल डाग किंवा फोड आला तर बूट सैल बसतोय, टाच आत घासतेय. त्यावर तेल, हळद, मलम काही लावायचं नाही, त्यानं कातडी आणखी मऊ पडते. क्लिनिकला दाखवा. उन्हाळ्यात आपल्याकडे पंचेचाळीसच्या घरात पारा जातो, मोजे घामानं ओले होतात. रात्रीत एकदा मोजे बदला, कूलर बाळाच्या पायाकडे ठेवा, पण गरमी आहे म्हणून सुट्टी नाही.

बुटांची ही राखण मी तुमच्याकडेच देते, मावशी. सून दिवसभर घरात आणि शेतात राबून झोपते, तिचा डोळा लागणारच. तुमची झोप तशीही सावध आहे. रात्री उठालच, तेव्हा हात फिरवून टाच बुटात आहे का बघा. भिंतीवरच्या कालदर्शिकेत बूट घातलेल्या प्रत्येक रात्रीवर नातीला खूण करायला सांगा आणि ते पान दर तपासणीला सोबत न्या. डॉक्टरला त्यावरून खूप काही कळतं. पुढे पाय सरळ दिसला, पोरगा पळायला लागला, पाहुणे 'आता कशाला हे' म्हणायला लागले, तरी चार वर्षांपर्यंत थांबायचं नाही. तपासणीही सुरू ठेवायची, दर तीन-चार महिन्यांनी, नंतर सहा महिन्यांनी.

पत्राच्या खाली नातीनं आपल्या मनानं एक ओळ घातली आहे. शेजारची तीन वर्षांची मुलगी बदकासारखी डुलत चालते, तिला दुखत नाही, म्हणून कुणी दवाखान्यात नेत नाही. तिलाही दाखवावं का?

हो पोरी, दाखवावं, आणि तू लिहिलंस ते फार चांगलं केलंस. दुखत नाही हेच फसवतं. खुब्याचा सांधा जन्मापासून निसटलेला असेल तर मूल असंच डुलत किंवा लंगडत चालतं, आणि लहानपणी अजिबात दुखत नाही. मुलींमध्ये हे बरंच जास्त असतं, पायाळू जन्मलेल्यांमध्येही. सहा महिन्यांच्या आत कळलं तर नुसत्या पट्ट्यांवर भागतं. तीन वर्षांची झाली म्हणजे आता बहुधा ऑपरेशन लागेल, पण आज केलेलं ऑपरेशन सातव्या-आठव्या वर्षी केलेल्यापेक्षा सोपं असतं आणि फळही चांगलं देतं. मुडदूस असला तरी मूल डुलत चालतं, तेही रक्ताच्या तपासणीत आणि एक्सरेत कळतं आणि औषधानं बरं होतं. दोन्ही खुबे एकाच फोटोत दिसतील असा कमरेचा एक्सरे काढायचा. हा आजारही त्याच बाल स्वास्थ्य कार्यक्रमात येतो, त्यामुळे चिठ्ठी तिथूनच मिळेल. आणि त्या घरात पुढचं बाळ आलं तर पाय सरळ करून गच्च गुंडाळून ठेवायचं नाही. कडेवर घेतो तसे पाय फाकलेले असणं खुब्यांसाठी चांगलं असतं.

यवतमाळला जाल तेव्हा त्या मुलीला आणि तिच्या आईलाही सोबत घेऊन जा. दोघांची जन्माची कागदपत्रं, लसीकरणाचं कार्ड, रेशनकार्ड, आधार, बाळाचे जुने एक्सरे आणि लहान झालेले बूटही पिशवीत टाका. बूट कुठं झिजलेत ते बघून डॉक्टरला पाऊल कसं पडतंय ते कळतं.